स्वस्तातला आयपीस निवडताना: आधी दुर्बिणीचा फोकल रेशो पाहा

दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असेल, तर तो आकडा कुठून आला ते काढून बघा. ११४ मिमी आरसा आणि ९०० मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचं अंतर) ही नवशिक्यांच्या दुर्बिणींत नेहमी दिसणारी जोडी. सोबत ४ मिमी फोकल लेंग्थचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भिंगांचा भाग, येतो. ९०० भागिले ४ म्हणजे २२५ पट. त्याबरोबर तीनपट करणारी प्लास्टिकची बार्लो (आयपीसच्या आधी बसणारं, वर्धन वाढवणारं भिंग) असते, तिने गुणलं की ६७५. गणितात चूक काहीच नाही. पण दुर्बिणीला झेपणारं वर्धन ढोबळमानाने आरशाच्या किंवा भिंगाच्या मिमीमधल्या व्यासाच्या दुप्पट असतं. इथे ते २२८ पट होतं, आणि तेही हवा अगदी शांत असेल तरच. त्यापुढे गुरू मोठा दिसतो, पण त्याचे पट्टे पुसले जातात. अशा वेळी घेणारा दुर्बिणीला नावं ठेवतो. खरं तर त्या आरशात बरंच काही दिसण्यासारखं असतं, फक्त बरोबरच्या आयपीसमधून ते डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

स्वस्त आयपीस म्हणजे वाईट आयपीस, असं मात्र नाही. एका दुर्बिणीत कडेपर्यंत टोकदार तारे दाखवणारा आयपीस दुसऱ्या दुर्बिणीत अर्ध्या क्षेत्रातच तारे विस्कटलेले दाखवतो. हा फरक फोकल रेशोमुळे पडतो. म्हणून खरेदीची सुरुवात आपल्या नळीपासून करायची.

नळीवर काय लिहिलंय

फोकसरजवळ (आयपीस बसवून फोकस करायच्या भागाजवळ) किंवा भिंगाच्या कड्यावर डी आणि एफ असे दोन आकडे असतात. डी म्हणजे व्यास, एफ म्हणजे फोकल लेंग्थ. एफला डीने भागलं की फोकल रेशो मिळतो. ७०/७०० चा रेशो १०, १३०/६५० चा ५, २००/१२०० चा ६, आणि १२७/१५०० च्या माकसुतोवचा (आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड नळीच्या दुर्बिणीचा) जवळपास १२.

एफ/१० च्या (म्हणजे रेशो १० असलेल्या) दुर्बिणीतून येणारा प्रकाशाचा शंकू निमुळता असतो, त्यामुळे आयपीसच्या भिंगांना किरण फारसे वळवावे लागत नाहीत. एफ/५ ला तोच शंकू पसरट होतो. आता कडेचे किरण भिंगांत तिरपे शिरतात आणि साध्या रचनेचा आयपीस त्यांना एका बिंदूत आणू शकत नाही. एफ/८ च्या वरची दुर्बीण असलेल्यांनी साधे प्लॉस्ल (चार भिंगांचे आयपीस) बिनधास्त घ्यावेत, पैसे वाचतील. एफ/५ किंवा एफ/६ वाल्यांनी विचार करून घ्यावं, कारण तिथे आयपीसची खरी परीक्षा होते.

तिसरी गोष्ट नळीच्या तोंडाची. हल्ली सर्वत्र सव्वा इंची माप चालतं. फोकसर दोन इंची असेल तर सोबतच्या अडॅप्टरने सव्वा इंची आयपीस बसतोच. जुन्या आणि खेळण्यासारख्या दुर्बिणींना २४.५ मिमीचं लहान तोंड असतं. त्या मापाचे चांगले आयपीस आता सहज मिळत नाहीत. तेव्हा त्यात पैसे घालण्याआधी सव्वा इंचीचा अडॅप्टर बसतो का ते बघा.

सोबत आलेले आयपीस

आयपीसवर मिमीच्या आधी एखादं अक्षर असतं, ते वाचायला शिका. 'एच' म्हणजे हायगेन्स, 'एसआर' म्हणजे रॅम्सडेनच्या रचनेचा. दोन्ही दोन साध्या भिंगांचे. एफ/१५ च्या लांब दुर्बिणींच्या काळात ते ठीक होते. आजच्या आखूड नळ्यांत त्यांची जागा डब्यात. 'के' म्हणजे केल्नर, तीन भिंगांचा. २५ मिमीचा केल्नर चालून जातो, त्याला लगेच बदलायची घाई नको. १० मिमीचा सोबत आलेला आयपीस मात्र बहुतेक दुर्बिणींतला सगळ्यात कच्चा दुवा असतो आणि पहिला बदल तिथेच करावा. प्रतिमा सुलटी करणारा १.५ पटीचा 'इरेक्टिंग' आयपीस आकाशासाठी वापरू नका. त्यात काच जास्त असते आणि ताऱ्यांचा टोकदारपणा जातो.

चार आकडे जे खरंच उपयोगी पडतात

वर्धन म्हणजे दुर्बिणीची फोकल लेंग्थ भागिले आयपीसची फोकल लेंग्थ. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळे यावरच थांबतात.

दुसरा आकडा एक्झिट प्युपिल, म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याचा व्यास. आयपीसच्या मिमीला फोकल रेशोने भागा. एफ/५ मध्ये २५ मिमी लावला तर ५ मिमी, ६ मिमी लावला तर १.२ मिमी. हा आकडा प्रतिमा किती उजळ दिसेल ते सांगतो, आणि प्रत्येक दुर्बिणीला तो सारखाच लागू पडतो. ५ ते ६ मिमी हे विस्तीर्ण क्षेत्रासाठी आणि अंधाऱ्या आकाशासाठी. दिव्यांच्या उजेडात हीच पार्श्वभूमी राखाडी दिसते, तिथे ४ मिमीच्या आत आलेलं बरं. दीर्घिका आणि गोलाकार तारकागुच्छांना २ मिमीच्या आसपास छान वाटतं. ग्रहांसाठी १ मिमी किंवा थोडं कमी. ०.५ मिमी ही शेवटची पायरी समजा. त्याखाली डोळ्यातले तरंगते कण प्रतिमेवर फिरायला लागतात. वरच्या बाजूला ७ मिमी ओलांडू नका. डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही आणि जास्तीचा प्रकाश बुबुळावर सांडतो.

तिसरा दृष्टिक्षेत्राचा. आयपीसवर ५० किंवा ६६ अंश लिहिलेलं असतं, त्याला वर्धनाने भागलं की आकाशातलं खरं क्षेत्र साधारण कळतं. २६ पटीला ५२ अंशांचा प्लॉस्ल २ अंश दाखवतो. कृत्तिकांचा पूर्ण पुंजका त्यात बसतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली तर पैसे वाचतात. सव्वा इंची नळीत मावणारं सगळ्यात मोठं आतलं कडं, म्हणजे फील्ड स्टॉप, साधारण २७ मिमीचं असतं. ३२ मिमीचा ५० अंशांचा प्लॉस्ल ते पूर्ण वापरतो. ४० मिमीचा सव्वा इंची प्लॉस्लही तेवढंच आकाश दाखवतो, फक्त लहान करून, ४३ अंशांच्या अरुंद खिडकीतून. 'जास्त मिमी म्हणजे जास्त आकाश' असं समजून ४० मिमी घेणारे पुष्कळ असतात. घेऊ नका.

चौथा आय रिलीफ, म्हणजे डोळा आयपीसच्या काचेपासून किती लांब ठेवता येतो ते अंतर. प्लॉस्लमध्ये ते फोकल लेंग्थच्या साधारण ७० ते ८० टक्के असतं. २५ मिमीला ऐसपैस, १० मिमीला ७-८ मिमी, आणि ६ मिमीला जेमतेम ४-५ मिमी. इतक्या जवळ गेलं की पापण्या काचेला घासतात, काच तेलकट होते आणि श्वासाच्या वाफेने धुकंही धरतं. म्हणून १० मिमीखालचे प्लॉस्ल स्वस्त असले तरी घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. लहान मुलांना किंवा पाहुण्यांना दाखवताना तर त्यातून काहीच दिसत नाही.

चष्मा असेल तर? नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवा, काम झालं. सिलिंड्रिकल नंबर फोकसने जात नाही, आणि मोठ्या एक्झिट प्युपिलला तो जास्त जाणवतो. अशांनी कमी वर्धनाच्या आयपीसचा आय रिलीफ १६ मिमीच्या वर पाहावा, २० मिमी असेल तर उत्तम. ग्रह बघताना एक्झिट प्युपिल १ मिमीच्या आत आला की त्यांनाही बहुतेक वेळा चष्मा लागत नाही.

आय रिलीफचा छापील आकडा काचेपासून मोजलेला असतो आणि काच कड्याच्या आत ३-४ मिमी खोल बसलेली असू शकते. स्वतः मोजायचं असेल तर दिवसा, सूर्य पाठीशी ठेवून, दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखा. आयपीसमागे पांढरा कागद धरून पुढे-मागे सरकवा. एका ठिकाणी प्रकाशाचा ठिपका सगळ्यात लहान आणि धारदार होतो. रबरी कड्यापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारा आय रिलीफ, आणि ठिपक्याचा व्यास म्हणजे एक्झिट प्युपिल. नळी सूर्याच्या दिशेला चुकूनही वळता कामा नये; एका क्षणात डोळा कायमचा जातो.

कोणता प्रकार कुठे

*प्लॉस्ल.* चार भिंगं, साधारण ५० अंश. ३२, २५, फार तर १२-१५ मिमीपर्यंत घ्यावेत. मध्यभागी प्रतिमा महागड्या आयपीसच्या तोडीची असते. एफ/५ ला शेवटची कड थोडी विस्कटते, तेवढं सोसता येतं.

*सोनेरी पट्टीचे ६६ अंशी.* निरीक्षक त्यांना 'गोल्ड लाईन' म्हणतात. हाच आयपीस वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. ६, ९, १५ आणि २० मिमी असे चार येतात, पण चौघांना एका मापाने मोजू नका. ६ आणि ९ मिमीच्या नळीत खाली बार्लोसारखा ऋण भिंगांचा गट बसवलेला असतो. त्यामुळे आय रिलीफ आरामाचा राहतो आणि एफ/५ लाही ते कडेपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. १५ आणि २० मिमी एफ/५ ला कडेला चांगलेच विस्कटतात. ते एफ/८ च्या पुढच्यांनी घ्यावेत. ६ मिमीमध्ये डोळा नेमक्या जागी धरावा लागतो. जरा सरकला की घेवड्याच्या बीच्या आकाराची काळी सावली फिरते. रबरी कडं वर करून डोळा टेकवला की सवय होते.

*६० अंशी ड्युअल ईडी.* ५, ८, १२, १५, १८ आणि २५ मिमी. ईडी म्हणजे रंग कमी फाकवणारी काच. किंमत प्लॉस्लपेक्षा वर, पण आय रिलीफ १६ मिमीच्या आसपास आणि कड नीट. चष्मेवाल्यांना आणि एफ/५ वाल्यांना ५, ८ आणि १२ मिमी मनापासून सुचवावेत असे. २५ मिमी मात्र जलद, म्हणजे एफ/५-एफ/६ सारख्या लहान रेशोच्या, दुर्बिणींत तितका चांगला नाही.

*६२ अंशी अ‍ॅस्फेरिक.* ४, १० आणि २३ मिमीचा संच, आत प्लास्टिकची भिंगं. सगळ्यात स्वस्त. एफ/१० च्या छोट्या दुर्बिणीत १० मिमी सोबत आलेल्यापेक्षा बरा. एफ/५ ला नाही.

*झूम.* ७-२१ किंवा ८-२४ मिमी. लांब टोकाला क्षेत्र ४० अंशांच्या आसपास आक्रसतं, म्हणजे जिथे विस्तार हवा तिथेच मिळत नाही. पण ग्रह आणि चंद्रासाठी हा फार कामाचा आहे. हवा किती वर्धन देते ते हळूहळू फिरवून बघता येतं. काही महिने वापरला की आपला हात कोणत्या आकड्यावर थांबतो ते कळतं, मग त्या मापाचा पक्का आयपीस घ्यावा.

आठ-दहा आयपीस आणि रंगीत फिल्टरांची पेटी घेऊ नका. त्यातले दोन वापरले जातात, बाकीचे पेटीतच राहतात. त्याच पैशात दोन चांगले येतात.

बार्लो

दोनपटीची, दोन भिंगं चिकटवून केलेली अ‍ॅक्रोमॅटिक बार्लो घ्या. पूर्ण प्लास्टिकची तीनपटीची टाकून द्या. बार्लो वर्धन दुप्पट करते आणि त्याचबरोबर आयपीसला मिळणारा शंकूही निमुळता करते. एफ/५ च्या दुर्बिणीत बार्लोमागे बसलेल्या आयपीसला आपण एफ/१० मध्ये आहोत असंच वाटतं, म्हणून साधा प्लॉस्लही तिथे सुधारतो. आय रिलीफही कमी होत नाही. १२ मिमीचा प्लॉस्ल बार्लोसह ६ मिमीचं काम करतो, आणि डोळ्याला त्रास देत नाही.

पुष्कळ बार्लोंचं खालचं भिंगाचं कडं आट्यांवर फिरवून सुटतं. ते थेट आयपीसच्या फिल्टरच्या आट्यांत बसवलं तर साधारण १.५ पट मिळते. एका बार्लोत दोन पायऱ्या झाल्या. आपली बार्लो अशी सुटते का ते घेण्याआधीच विचारा.

बार्लो घ्यायची ठरली असेल तर आयपीसचे आकडे असे निवडा की जोड्या एकमेकींवर पडणार नाहीत. २५ आणि १२ मिमी असतील तर बार्लोसह २५ चा १२.५ होतो, म्हणजे काहीच नवं मिळालं नाही. ३२ आणि १२ असतील तर ३२, १६, १२ आणि ६ अशी चांगली शिडी होते.

दुर्बिणीप्रमाणे खरेदी

१३०/६५०, एफ/५: २५ मिमी प्लॉस्ल (२६ पट) आणि ६ मिमी गोल्ड लाईन (१०८ पट). पुढे बार्लो घेतली की ६ मिमीवर तिचं कडं लावून साधारण १६२ पट, शनीसाठी आणि चंद्राच्या विवरांसाठी. मधली जागा नंतर ९ किंवा १२ मिमीने भरा.

२००/१२००, एफ/६ डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण): ३२ मिमी प्लॉस्ल (३७ पट), १२ मिमी ड्युअल ईडी (१०० पट), ९ मिमी गोल्ड लाईन (१३३ पट). यातला ९ मिमी बहुतेक रात्री नळीत असेल. ६ मिमी म्हणजे २०० पट; तेवढं वर्धन हवा रोज देत नाही, म्हणून तो शेवटी. डॉब हाताने सरकवावी लागते, तेव्हा रुंद क्षेत्राचा फायदा इथे सगळ्यात जास्त जाणवतो. ग्रह चटकन कडेला जात नाही.

१२७/१५०० माकसुतोव: ३२ मिमी प्लॉस्ल (४७ पट) घ्याच. एक अंशाच्या आसपासच क्षेत्र मिळतं आणि याहून जास्त या नळीत मिळणार नाही. सोबत १५ आणि १० मिमी. बार्लोची गरज नाही. ६ मिमीखाली जायचीही नाही, कारण तिथेच २५० पट होतात.

७०/७००: सोबतचा २५ मिमी राहू द्या. ९ किंवा १० मिमी चांगला घ्या (७०-७८ पट). ६ मिमीला ११७ पट होतात आणि एक्झिट प्युपिल ०.६ मिमी. चंद्र आणि जोडतारे चालतील, बाकी सगळं अंधारतं.

पायऱ्या ठरवताना वरच्या टोकाला आयपीस जवळजवळचे घ्या, खालच्या टोकाला लांब. ३० आणि ६० पटींमध्ये काही नसलं तरी अडत नाही. ११० आणि २०० पटींच्या मध्ये काही नसेल तर बऱ्या हवेची रात्र वाया जाते.

घेतल्यावर पहिल्या रात्रीची तपासणी

आधी दुर्बीण तासभर बाहेर ठेवून निववा. न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, असेल तर कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळलेले आहेत का ते, तपासा. हे न करता आयपीसला दोष देऊ नका.

मध्यम तेजाचा तारा क्षेत्राच्या मधोमध आणून बारीक फोकस करा. मधोमध तो टोकदार हवाच. नसेल तर डोकं कलतं करून बघा: ताऱ्याच्या रेघा डोक्याबरोबर फिरल्या तर दोष डोळ्याचा आहे. आयपीस फोकसरमध्ये फिरवल्यावर रेघा फिरल्या तर आयपीसचा. असा आयपीस परत करा.

आता तारा हळूहळू कडेकडे न्या. कडेला पसरला, पण पुन्हा फोकस केल्यावर बारीक झाला, तर ती क्षेत्राची वक्रता, त्रास कमी. फोकस आत-बाहेर करताना तो आधी एका दिशेची रेघ आणि मग तिच्या काटकोनातली रेघ होत असेल, तर तो अ‍ॅस्टिग्मॅटिझम. जलद दुर्बिणीतला स्वस्त रुंद आयपीस इथेच उघडा पडतो. आणि तारा मध्याकडे टोक आणि बाहेरच्या बाजूला शेपूट अशा आकाराचा दिसला, तर तो कोमा आहे. तो एफ/५ च्या आरशाचा असतो. आयपीस बदलून जाणार नाही.

मग चंद्र क्षेत्राच्या जरा बाहेर ठेवा. काळ्या आकाशात दुधाळ उजेड पसरला तर नळीच्या आतला धातू चकचकीत आहे. हे दुकानातही बघता येतं: आयपीस उलटा धरून आत पाहा. भिंत मंद काळी आणि फिल्टरच्या आट्या कापलेल्या हव्यात. गुरूवर फोकस करून ग्रह इकडेतिकडे हलवा. उलट दिशेने सरकणारा फिकट दुसरा ठिपका दिसला तर ते आतलं परावर्तन.

खरं दृष्टिक्षेत्र मोजायला मृग नक्षत्राच्या बाणातला सगळ्यात पश्चिमेचा तारा, मिंटाका, उत्तम. तो खगोलीय विषुववृत्तालगत आहे. मोटर बंद ठेवा, तारा एका कडेवरून शिरून बरोबर मध्यातून जात दुसऱ्या कडेला बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजा, आणि मिनिटांना ४ ने भागा. उत्तर अंशांत येतं. १२०० मिमीच्या नळीत ३२ मिमी प्लॉस्लला साधारण ५ मिनिटं १० सेकंद लागायला हवीत. फारच कमी भरली, तर आयपीसवर छापलेल्या अंशांवर विश्वास ठेवू नका.

जुना घेताना आणि पुसताना

जुना आयपीस दिव्यासमोर तिरपा धरा. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही, एखाद्या बारीक ओरखड्यानेही नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. तो घेऊ नका. भिंगांच्या मध्ये इंद्रधनुषी डाग असतील तर चिकटवलेली भिंगं सुटायला लागली आहेत.

पुसण्याआधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा. तेलकट डागासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लेन्स टिश्यूवर घ्या. काचेवर थेट टाकलं तर ते कडेने आत झिरपतं. मधून बाहेरच्या दिशेने, दाब न देता, एका टिश्यूने एकदाच. आयपीस आट्या फिरवून उघडू नका. भिंगांचा क्रम आणि त्यांच्या बाजू एकदा बदलल्या की पुन्हा जुळवणं अवघड होतं, आणि मधली कडी उलटी बसली तरी प्रतिमा जाते. दव पडणाऱ्या रात्रीनंतर झाकण लगेच लावू नका. आयपीस घरात उघडे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्या, मगच डबीत बंद करा.